सेन्सरचा सिग्नल सावरताना या चुका टाळा

रीडिंग नाचायला लागलं की आपला पहिला हात कोडकडे जातो. सरासरी दहाची विसावर, विसाची शंभरावर. मीही तेच करायचो. पण बिघाड बहुतेक वेळा एडीसीच्या (सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या भागाच्या) आधीच होऊन बसलेला असतो.

सगळ्यात फसवी चूक सॅम्पलिंगची, म्हणजे सिग्नल सेकंदाला किती वेळा वाचायचा याची. टाकीतल्या तेलाचं तापमान मी सेकंदाला 10 वेळा वाचत होतो आणि आलेख दर 20 सेकंदांनी संथ हेलकावा घेत होता. हीटर बंद केला, हेलकावा तसाच. शेजारची मोटर बंद केली, गायब! सेन्सरची वायर मोटरच्या केबलला चिकटून गेली होती आणि तिच्यात 50 हर्ट्झची गुणगुण शिरत होती. ग्रिड 49.95 वर असला की 10 च्या सॅम्पलिंगला ती 0.05 हर्ट्झची लाट दिसते. एकदा आत आली की खऱ्या बदलातून ती निवडून काढता येत नाही. म्हणून एडीसीच्या पिनजवळ 10 किलोओहम आणि 10 मायक्रोफॅरडचा आरसी फिल्टर (रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी, वेगवान चढउतार अडवणारी) लावा. नाहीतर सेकंदाला 1000 सॅम्पल घेऊन 20-20 ची सरासरी काढा, म्हणजे 50 हर्ट्झचं बरोबर एक आवर्तन. वेळ टायमर इंटरप्टवर (चिपमधल्या घड्याळाच्या ठरल्या क्षणी येणाऱ्या हाकेवर) बांधा; लूपमधल्या डिलेचा भरवसा नाही.

कॉन्टॅक्टर (मोटरसारखा मोठा भार चालू-बंद करणारा स्विच) पडताना येणारा स्पाइक सरासरीत विरत नाही, पसरतो. आधी 5 सॅम्पलचा मीडियन (क्रमाने लावल्यावर मधली किंमत), मग सरासरी. आणि 12 बिटचं रीडिंग 4095 ला, म्हणजे कमाल आकड्याला, चिकटलं असेल तर फिल्टर शोधू नका, गेन (सिग्नल किती पटीने मोठा होतो ते) कमी करा.

लॅपटॉपवर सुरेख दिसलेला फिल्टर बोर्डावर उशीर का करतो? लॅपटॉपवर सगळा डेटा आधीच हाताशी असल्याने तो पुढून आणि मागून, दोनदा गाळलेला असतो. चालू यंत्रात पुढचं सॅम्पल अजून आलेलंच नसतं.

आता मंद सेन्सर. रीडिंगमध्ये टाऊ (सेन्सरला बदलाचा सुमारे 63 टक्के भाग गाठायला लागणारा वेळ) गुणिले बदलाचा वेग मिळवला की खरं तापमान लवकर कळतं. टाऊ काढायला 30 अंशांवरचा सेन्सर उकळत्या पाण्यात बुडवा आणि 74 ला पोचेपर्यंतचे सेकंद मोजा. माझे 8 आले. पण सेकंदाला 10 रीडिंग आणि 0.1 अंशाची थरथर असेल तर हेच गणित थेट 8 अंशांची उडी दाखवतं, त्यामुळे वेग काढण्याआधी गाळणं आलंच. शिवाय तो टाऊ पाण्यातला होता. तेलात सेन्सर आणखी सुस्तावतो, हे मला रीडिंग मागे पडत राहिल्यावर उमगलं; मग टाकीतच पुन्हा मोजावा लागला.