भारत आणि पश्चिम आफ्रिका: रुईच्या निर्यातीची तुलना कशी मांडावी

पुण्यात अर्थशास्त्राचे विद्यार्थी प्रकल्पासाठी हा विषय घेतात, तेव्हा त्यांचा पहिला तक्ता बहुधा एकाच ठिकाणी फसतो: एका रकान्यात रुई असते आणि दुसऱ्यात सरकीसकट कापूस. माझाही फसला होता. गोखले संस्थेच्या गाडगीळ ग्रंथालयात बसून मी मालीचे आकडे उतरवले आणि ते भारताच्या रुईशेजारी मांडले. फ्रेंच अहवालातील ‘कोतों ग्रेन’ म्हणजे सरकीसह कापूस आणि ‘कोतों फिब्र’ म्हणजे रुई, हे लक्षात यायला दोन दिवस गेले. शंभर किलो कापसातून आपल्याकडे साधारण 34 किलो रुई निघते, तर पश्चिम आफ्रिकेत सुमारे 42 किलो. त्यामुळे दोन्ही बाजूंना एकच उतारा लावून चालत नाही.

निर्यातीसाठी सीमाशुल्काचा 5201 हा क्रमांक घ्यावा. त्यात न पिंजलेली रुई येते. 5202 मध्ये टाकाऊ कापूस आणि 5205 मध्ये सूत असल्याने ते यात मिसळू नये. मात्र भारताची बरीच रुई सुताच्या रूपाने बाहेर जाते, तेव्हा सुताचा रकाना शेजारी वेगळा ठेवलेला बरा.

त्यानंतर वजन. भारतातील गाठ 170 किलोची असते, तर अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्यांतील गाठ 480 पौंडांची, म्हणजे जवळपास 218 किलोची. नुसत्या ‘गाठी’ म्हणून दोन्ही आकडे शेजारी ठेवले, तर 28 टक्क्यांची चूक तिथेच होते. सगळे टनांत बदलून घ्यावे. भाव पाहायचे असतील तर सुमारे 356 किलोची खंडीही किलोवर आणावी.

आपला कापूस हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर, सरकारी वर्ष एप्रिल ते मार्च आणि संयुक्त राष्ट्रांची व्यापार आकडेवारी जानेवारी ते डिसेंबर अशी असते. महिन्यांचे आकडे मिळाले तर हंगामाची बेरीज करावी, अन्यथा दोन्हीकडे कॅलेंडर वर्षच धरावे.

खरी कसरत ‘प्रदेश’ ठरवताना होते. जागतिक व्यापार संघटनेत 2003 साली कापसाचा प्रश्न मांडणाऱ्या चार देशांत बेनिन, बुर्किना फासो आणि माली यांच्याबरोबर चाडही होता, जो भूगोलाने मध्य आफ्रिकेत मोडतो. तो घ्यायचा की नाही, हे आधी ठरवून तक्त्याखाली लिहावे. शिवाय माली, बुर्किना फासो आणि चाड यांना समुद्रकिनारा नाही. त्यांची रुई आबिजान, लोमे, दुआला अशा परक्या बंदरांतून निघते, आणि बंदराच्या देशाने तीही आपल्या खाती धरली तर बेरजेत ती दोनदा येते. पडताळणीसाठी बांगलादेशासारख्या मोठ्या ग्राहकाचे आयात आकडे मूळ देशानुसार पाहावेत. तिथे रकमा जुळणार नाहीत, कारण आयातीच्या किमतीत भाडे आणि विमा धरलेला असतो. वजन ताडून पाहावे.

शेवटी निर्यातीला उत्पादनाने भागावे. पश्चिम आफ्रिकेत सूतगिरण्या नगण्य असल्याने जवळजवळ सगळी रुई बाहेर जाते. आपल्या बहुतेक रुईला गिरण्याच गिऱ्हाईक असतात. हे प्रमाण एकाच वर्षावरून काढू नये. 2011-12 च्या हंगामात भारताने सुमारे 130 लाख गाठी, म्हणजे 22 लाख टन रुई निर्यात केली आणि त्याच हंगामात, मार्च 2012 मध्ये, सरकारने निर्यातबंदीही घातली. असे वर्ष निदान पाच वर्षांच्या सरासरीतच घ्यावे.