लग्नानंतरचं नाव: आधी अमेरिकन पासपोर्ट, मग ओसीआय

अमेरिकन पासपोर्ट आणि ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्ड दोन्ही हातात असलं की घरात सर्रास म्हटलं जातं, "तिच्याकडे दोन्हीकडचं नागरिकत्व आहे." कायद्याने तसं नाही. १९५५च्या नागरिकत्व कायद्यातल्या ९व्या कलमानुसार स्वेच्छेने परदेशी नागरिकत्व घेतलं की भारताचं नागरिकत्व संपतं. ओसीआयमुळे भारतात कितीही वेळा येता-जाता येतं, राहता येतं. मतदान करता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही आणि भारताचा पासपोर्ट मिळत नाही. नाव बदलताना हा फरक थेट उपयोगी पडतो. ओसीआयवरचं नाव पासपोर्टवरून घेतलं जातं, म्हणून पासपोर्ट आधी. नव्या नावाचा पासपोर्ट हातात नसताना ओसीआयचा अर्ज भरण्यात अर्थ नाही.

मुळात नाव बदलायलाच हवं असं नाही. लग्नानंतर आडनाव बदलण्याची सक्ती ना अमेरिकेत आहे, ना भारतात. माहेरच्या नावाने आयुष्यभर दोन्हीकडे ये-जा करता येते. बदलायचं ठरलं असेल, तर पुढचं सगळं त्यासाठी.

आधी पूर्ण नाव कागदावर लिहा

मराठी बाईचं नाव बदलतं तेव्हा बहुतेकदा दोन भाग बदलतात: आडनाव, आणि वडिलांच्या नावाच्या जागी येणारं नवऱ्याचं नाव. अमेरिकन यंत्रणा आडनावाचा बदल सहज समजून घेते. मधल्या नावाच्या जागी नवऱ्याचं पहिलं नाव का आलं, हे तिथल्या कारकुनाला आपोआप कळत नाही. त्यामुळे ते बदललेलं नाव विवाह प्रमाणपत्रावरच छापून येईल अशी व्यवस्था करा.

ती व्यवस्था अमेरिकेत लग्नाआधी काढाव्या लागणाऱ्या परवान्याचा अर्ज भरतानाच करावी लागते. नियम राज्यागणिक वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात २००९पासून लागू असलेल्या कायद्यानुसार नवं मधलं नाव आणि आडनाव परवान्याच्या अर्जातच लिहावं लागतं, आणि लग्न लागल्यावर तो रकाना दुरुस्त करून मिळत नाही. रकाना रिकामा सोडला आणि नंतर मधलं नाव बदलावंसं वाटलं, तर न्यायालयाचा आदेश आणावा लागू शकतो. पाच मिनिटांच्या दुर्लक्षाची ही फार मोठी किंमत आहे.

स्पेलिंगही आत्ताच पक्कं करा. 'पाटील'मध्ये एक 'आय' की दोन 'ई', हे नवऱ्याच्या पासपोर्टवरून उतरवून घ्या. लग्नपत्रिकेवरून किंवा आठवणीने लिहू नका.

विवाह प्रमाणपत्राच्या तीन-चार प्रमाणित प्रती एकदमच मागवा. साधी झेरॉक्स चालत नाही, आणि एक प्रत पासपोर्टच्या टपालात अडकली की बाकीची कामं थांबतात. लग्न महाराष्ट्रात झालं असेल तर नगरपालिका, महापालिका किंवा ग्रामपंचायतीकडून मिळालेलं नोंदणी प्रमाणपत्र लागतं. मंगल कार्यालयाचा किंवा गुरुजींचा दाखला पुरत नाही. प्रमाणपत्र फक्त मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. लग्न अमेरिकेत झालं असेल तर एका प्रतीवर त्याच राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणीकरण) करून ठेवा. भारतातल्या कामांना ती प्रत उपयोगी पडते, आणि घाईत ती मिळत नाही.

अमेरिकेतला क्रम

सुरुवात सोशल सिक्युरिटी कार्डापासून. अर्ज एसएस-५, फी नाही, नंबर तोच राहतो. नोकरीच्या ठिकाणी नवं नाव आणि इथे जुनं असं राहिलं, तर कर विवरणपत्रातलं नाव जुळत नाही. त्यानंतर ड्रायव्हिंग लायसन्स, आणि मग पासपोर्ट.

पासपोर्टचा कोणता अर्ज भरायचा, इथे सर्वाधिक गोंधळ होतो. सध्याचा पासपोर्ट मिळून एक वर्ष झालेलं नसेल आणि नाव बदलूनही वर्ष झालेलं नसेल, तर डीएस-५५०४. त्याला फी नाही. पासपोर्ट वर्षापेक्षा जुना, पण गेल्या १५ वर्षांतला, वयाच्या सोळाव्या वर्षी किंवा नंतर मिळालेला आणि धड अवस्थेत असेल, तर टपालाने डीएस-८२, फी १३० डॉलर. यातलं काही बसत नसेल, पासपोर्ट हरवला किंवा फाटला असेल, तर डीएस-११ घेऊन प्रत्यक्ष जायचं; तिथे १३०वर आणखी ३५ डॉलर लागतात. ऑनलाइन नूतनीकरणात नाव बदलता येत नाही, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नका.

अर्जासोबत जुना पासपोर्ट आणि विवाह प्रमाणपत्राची प्रमाणित प्रत जाते. प्रमाणपत्र नव्या पासपोर्टपासून वेगळ्या पाकिटात परत येतं. ते हरवलं असं समजून घाबरू नका. जादा ६० डॉलर भरून काम लवकर होतं, पण टपालाचे दिवस त्यात धरलेले नसतात.

म्हणूनच लग्नानंतर दोन महिन्यांच्या आत भारतात जायचं असेल, तर जुन्याच नावाने जाऊन या. तिकीट, पासपोर्ट आणि ओसीआय तिन्हींवर माहेरचं नाव असेल तर कुठेच अडत नाही. नव्या नावाचं तिकीट आणि जुन्या नावाचा पासपोर्ट असेल, तर विमानतळावरच अडकाल.

ओसीआय

एप्रिल २०२१मध्ये नियम सोपे झाले. विसाव्या वर्षाआधी ओसीआय घेतलं असेल, तर विसाव्या वर्षानंतर नवा पासपोर्ट मिळाला की एकदाच कार्ड पुन्हा काढायचं. पन्नाशीनंतरच्या नव्या पासपोर्टला पासपोर्ट आणि फोटो ओसीआयच्या संकेतस्थळावर विनामूल्य अपलोड केले की झालं. ही सवलत ऐकून अनेकजणी नाव बदलल्यावरही नुसतं अपलोड करून मोकळ्या होतात. ते चालत नाही. नाव बदललं की वैयक्तिक तपशिलातल्या बदलासाठी कार्ड नव्याने काढावंच लागतं. अमेरिकेत त्याची सरकारी फी २५ डॉलर, वर अर्ज स्वीकारणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं.

अर्जात नाव आणि आडनावाचे रकाने पासपोर्टच्या फोटोच्या पानावरून अक्षरशः उतरवा. पासपोर्टवर पहिलं आणि मधलं नाव एकाच ओळीत असतं. ती अख्खी ओळ नावाच्या रकान्यात जाते. पूर्वीच्या नावाबद्दल विचारलं असेल तिथे माहेरचं नाव पूर्ण द्या, नाहीतर जुनं कार्ड आणि नवा अर्ज एकाच व्यक्तीचे आहेत हे दिसत नाही.

नवं कार्ड येईपर्यंत जायची वेळ आलीच, तर नव्या पासपोर्टबरोबर जुना रद्द झालेला पासपोर्ट, ओसीआय आणि विवाह प्रमाणपत्र हातातल्या बॅगेत ठेवा. जुना पासपोर्ट बाळगण्याची सक्ती २०२१मध्ये गेली, पण नाव जुळत नसताना विमान कंपनीच्या काउंटरवर तोच पटवून देतो.

खरोखर दोन पासपोर्ट असतील तर

ब्रिटिश आणि अमेरिकन, किंवा ब्रिटिश आणि कॅनेडियन असे दोन पासपोर्ट असलेल्या मराठी मुलींची गोष्ट वेगळी. ब्रिटनचं पासपोर्ट कार्यालय दुसऱ्या देशाच्या पासपोर्टवर वेगळं नाव असेल तर सहसा नवं नाव देत नाही, त्यामुळे आधी दुसरा पासपोर्ट बदलून घ्या. ब्रिटनमध्ये लग्नाच्या तीन महिने आधीपासून नव्या नावाचा पासपोर्ट मागता येतो, पण जुना रद्द होतो आणि नवा लग्नाच्या दिवसापर्यंत वापरता येत नाही. लग्न पुण्यात किंवा नाशकात असेल, तर ही सोय घेऊ नका.

भारतातली कागदपत्रं

पॅनकार्ड आणि बँकेचं एनआरओ खातं (परदेशी राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं) दोन्ही नव्या नावावर आणा; आधी पॅन, मग बँक. पॅनकार्डवर बाईच्या नावाखाली वडिलांचंच नाव राहतं, लग्नाने ते बदलत नाही. तिथे नवऱ्याचं नाव घालायचा प्रयत्न करू नका.

पुढे अमेरिकेत मूल झालं की त्याच्या जन्मदाखल्यावर आईचं लग्नाआधीचं नाव येतं. बाळाच्या ओसीआयसाठी तो दाखला आणि तुमचा नवा पासपोर्ट शेजारी ठेवले जातात तेव्हा नावं जुळत नाहीत. त्या दिवसासाठी विवाह प्रमाणपत्राची एक प्रमाणित प्रत आत्ताच बाजूला काढून ठेवा.