आधी देशातली गुंतवणूक पाहावी: एका लघुप्रबंधाचा अनुभव

एम. ए. अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षी परकीय व देशांतर्गत गुंतवणुकीचा भारताच्या आर्थिक वाढीवरील परिणाम हा विषय मी लघुप्रबंधासाठी घेतला, तेव्हा उत्तर मनात आधीच ठरलेले होते. १९९१ नंतर परकीय भांडवल आले, पुण्याजवळ चाकणला मोटारींचे कारखाने उभे राहिले आणि वाढीचा वेग चढला, एवढेच आकड्यांनी दाखवायचे आहे, असे मी धरून चाललो होतो. हा विषय नव्याने घेणाऱ्यांनी तसे करू नये, असे मला मनापासून वाटते.

आधी प्रमाण पाहावे. जागतिक बँकेच्या आकडेवारीत भारताची सकल स्थिर भांडवलनिर्मिती, म्हणजे वर्षभरात यंत्रे, इमारती, रस्ते यांसारख्या टिकाऊ मालमत्तेवर झालेली एकूण गुंतवणूक, जीडीपीच्या ३० टक्क्यांच्या आगेमागे दिसते. थेट परकीय गुंतवणुकीचा ओघ बहुतेक वर्षी २ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो आणि २००८ सालच्या उच्चांकालाही तो ४ टक्क्यांच्या आतच होता. गुंतवणुकीचा खरा भार घरगुती बचत, देशी कंपन्या आणि सरकार उचलतात.

माझी मोठी चूक समीकरणात झाली. भांडवलनिर्मिती आणि थेट परकीय गुंतवणूक या दोन्ही आकडेमालिका शेजारी शेजारी मांडून मी प्रतिगमन (त्यांचा वाढीशी संबंध मोजणारे सांख्यिकी गणित) केले, तेव्हा मार्गदर्शक सरांनी एकच प्रश्न विचारला: “परदेशी कंपनीने बांधलेली शेड तुम्ही कोणत्या रकान्यात धरली आहे?” ती दोन्हीकडे होती. भांडवलनिर्मिती मोजताना पैसा कोणाचा हे पाहिले जात नाही. उलट एखाद्या परदेशी कंपनीने चालू भारतीय कंपनीचे मोठे भागभांडवल विकत घेतले, तर थेट परकीय गुंतवणुकीची नोंद होते, पण एकही नवे यंत्र बसलेले नसते. हे उमगून मालिका पुन्हा मांडण्यात माझा दीड महिना गेला. मालिकांची स्थिरता (सरासरी आणि चढउतार काळानुसार बदलत नाहीत ना हे) तपासणे, १९९१ पासूनची वार्षिक निरीक्षणे मोजकीच असल्याने एआरडीएल ही मागच्या वर्षांचे आकडेही समीकरणात घेणारी आणि थोड्या निरीक्षणांवरही चालणारी पद्धत निवडणे, हे तांत्रिक भाग त्यामानाने लवकर उरकतात.

परिणाम नेमका कसा होतो, हे मात्र मला पुण्याजवळच्या भोसरी एमआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) कळले. मित्राच्या काकांचे तिथे लहानसे मशीन शॉप आहे. चाकणच्या परदेशी कारखान्याला माल देणाऱ्या पुरवठादाराचे काम मिळाल्यावर त्यांना तपासणीची वेगळी खोली करावी लागली आणि दर तासाच्या मापांची नोंद सुरू करावी लागली. एअर गेजवर (हवेच्या दाबाने भोकाचे सूक्ष्म माप घेणाऱ्या उपकरणावर) एक बुश, म्हणजे धातूची पोकळ नळी, लावून त्यांनी दाखवला. बोअर (आतले भोक) नऊ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या नऊ हजारांश भागाने, मोठा निघाला आणि तो बुश नाकारलेल्या मालाच्या लाल पेटीत गेला. हे काम आयटीआय झालेली दोन मुले सांभाळत होती. बोरेन्स्टाइन, डी ग्रेगोरिओ आणि ली या अर्थशास्त्रज्ञांनी १९९८ साली ६९ विकसनशील देशांच्या आकडेवारीवरून हेच मांडले होते, की देशात शिक्षणाची किमान पातळी असेल तरच परकीय गुंतवणूक देशी गुंतवणुकीपेक्षा वाढीला अधिक हातभार लावते.

पुण्यात ती पातळी परकीय कंपन्यांनी आणलेली नव्हती. पिंपरीची टेल्को (आताची टाटा मोटर्स), आकुर्डीची बजाज आणि १९६२ साली स्थापन झालेले महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ (एमआयडीसी) यांच्याभोवती कारागीर आणि पुरवठादार कित्येक दशके घडत होते. म्हणून दुसऱ्या मांडणीत मी परकीय गुंतवणूक आणि शिक्षण यांच्या गुणाकाराचे पद (शिक्षण वाढते तसा परकीय गुंतवणुकीचा परिणाम बदलतो का, हे दाखवणारे) घातले आणि परकीय ओघानंतर देशी गुंतवणूक वाढते का, हे वेगळे तपासले. काकांनी त्या कामासाठी सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्र घेतले होते, सहकारी बँकेच्या कर्जावर. त्याची नोंद देशांतर्गत रकान्यातच होते.