वयात येणं मोजताना: टप्पा आणि वेळ यांत गल्लत नको

वयात येतानाचे शारीरिक बदल पाच प्रश्नांतून विचारणाऱ्या पीटरसन यांच्या 1988 च्या प्रश्नावलीचे स्कोअर (1 ते 4, पाचांची सरासरी) एक्सेलमध्ये उतरले की हात शिवशिवतात. धोकादायक वर्तनाशी सहसंबंध काढला जातो, तो झकास येतो आणि 'लवकर वयात येणारी मुलं जास्त धोके पत्करतात' असं लिहून माणूस मोकळा होतो. थांबा. तुम्ही वेळ, म्हणजे बरोबरीच्यांपेक्षा लवकर की उशिरा, हे मोजलेलंच नाही.

स्कोअर सांगतो तो आजचा टप्पा. 2.6 स्कोअरची मुलगी 10 वर्षांची असेल तर ती बरोबरीच्या मुलींच्या पुढे गेली आहे. 14 ची असेल तर मागे आहे. आकडा तोच. 10 ते 14 ची मुलं एकत्र घेतली की मोठ्यांचा स्कोअर जास्त आणि सिगारेट ओढणंही मोठ्यांचंच जास्त. हाती लागतं ते नुसतं वय. म्हणून मुलगे-मुली वेगळे करा (उंचीवाढीचा कळस मुलींत साधारण 12 व्या, मुलग्यांत 14 व्या वर्षी येतो), स्कोअरचं वयावर रिग्रेशन करा (म्हणजे वयावरून अपेक्षित स्कोअर काढा) आणि रेसिड्युअल घ्या, म्हणजे खरा स्कोअर वजा अपेक्षित स्कोअर. तो धन आला तर लवकर, ऋण आला तर उशिरा. वय जन्मतारखेवरून दशांशात काढा. नुसतं '11' लिहिलंत तर कालच 11 लागलेली आणि उद्या 12 ची होणारी एकाच खान्यात बसतात, आणि नेमका हाच फरक रेसिड्युअलमध्ये वेळ म्हणून मिरवतो.

डेटा आधीच गोळा झालाय? जन्मतारखा असतील तर काही बिघडलेलं नाही. मात्र 16 वर्षांच्या मुलींत बहुतेक जणी 4 च्या जवळ पोचलेल्या असतात. तिथे पहिली पाळी कोणत्या वर्षी-महिन्यात आली तेच विचारा. तिचा प्रश्न 'नाही' ला 1 आणि 'हो' ला 4 देतो, त्यामुळे पाच प्रश्नांची सरासरी एका दिवसात 0.6 ने उडी मारते. घाबरू नका, पण वयात येण्याचा वेग मोजायचा असेल तर तो प्रश्न वेगळा ठेवा.

'लाळेतून टेस्टोस्टेरॉन काढा, जर्नल खूश होईल' हा गाईड लोकांचा आवडता शॉर्टकट. ते सकाळी जास्त असतं, त्यामुळे नमुन्याची वेळ पाळली नाही तर घड्याळच मोजाल. नुसतं पाहून टॅनर टप्पा (शरीराच्या तपासणीवरून ठरवलेला वयात येण्याचा टप्पा) ठरवणंही फसवं: जाड मुलींत चरबी स्तनांसारखी दिसते, प्रशिक्षित हाताने चाचपावं लागतं.

लवकर वयात येणाऱ्या मुलींबाबतचे निष्कर्ष बऱ्यापैकी पक्के आहेत, मुलग्यांचे संमिश्र. शिवाय न्यूझीलंडमधल्या डनेडिनच्या अभ्यासात (1993) अशा मुलींचं बेशिस्त वर्तन मुला-मुलींच्या एकत्र शाळांत वाढलेलं दिसलं, फक्त मुलींच्या शाळांत नाही. तेव्हा शाळेचा प्रकार आणि मित्रमैत्रिणींची वयं हे दोन रकाने फॉर्म छापण्याआधीच घाला.