टोरांटोत नवीन आलात? लीफ्स आणि रॅप्टर्सचं गणित

टोरांटोतल्या पहिल्या हिवाळ्यात दोन प्रश्न हमखास पडतात. पहिला, जॅकेट कुठून घ्यायचं. त्याचं उत्तर मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सतराजण देतील. दुसरा, सोमवारी सकाळी ऑफिसात लोक इतक्या तावातावाने कशावर बोलतात, आणि आपणही एकदा बघायला जायचं तर हॉकीला (इथला संघ मेपल लीफ्स) की बास्केटबॉलला (इथला संघ रॅप्टर्स)? दुसऱ्यावर जरा सविस्तर लिहितो, कारण इथे आपल्या लोकांचे पैसे उगाच जातात. (इथली हॉकी बर्फावरची. खडकीच्या मैदानावरच्या हॉकीशी तिचं नातं काठीपुरतंच.)

मोबाईलवर शोधलंत तर सरासरी प्रेक्षकसंख्या लगेच सापडते. एनबीएच्या (बास्केटबॉलची लीग) सामन्याला १८ हजारांच्या थोडी वर, एनएचएलच्या (हॉकीची लीग) सामन्याला साडेसतरा हजारांच्या आसपास. हे बघून आपला एखादा एक्सेलबहाद्दर बास्केटबॉल पुढे असल्याचं जाहीर करून टाकतो. पण हा फरक आवडीचा कमी आणि जागेचा जास्त आहे. हॉकीचं बर्फाचं मैदान, म्हणजे रिंक, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, बास्केटबॉलचं कोर्ट ९४ बाय ५०. एकाच इमारतीत दोन्ही खेळ होतात तेव्हा कोर्टच्या कडेने जास्तीच्या खुर्च्या मांडता येतात. आपल्या स्कोशियाबँक अरीनात हॉकीला सुमारे १८,८०० माणसं बसतात, बास्केटबॉलला १९,८००. शिकागोच्या युनायटेड सेंटरमध्येही असाच हजारभराचा फरक आहे. शिवाय २०२२ ते २०२४ ॲरिझोनाचा हॉकी संघ विद्यापीठाच्या साडेचार हजारांच्या छोट्या रिंकमध्ये खेळत होता, त्याने लीगची सरासरी आणखी खाली ओढली. उलट मॉन्ट्रियलच्या बेल सेंटरमध्ये हॉकीला २१ हजारांवर माणसं बसतात.

अजून एक मेख आहे. जाहीर होणारा आकडा साधारणपणे वाटलेल्या तिकिटांचा असतो, खुर्चीत बसलेल्या माणसांचा नाही. लीफ्सच्या सामन्यात मध्यंतरानंतर दुसरा पीरियड (खेळाचा दुसरा भाग) सुरू होताना रिंकभोवतीच्या काचेलगतच्या रांगा बघा. सगळ्यात महागड्या खुर्च्या, आणि निम्म्या रिकाम्या! कंपन्यांच्या नावावरची ही तिकिटं, साहेब लोक अजून आत लाउंजमध्ये गप्पा मारत असतात. वर ३००च्या सेक्शनमध्ये मात्र निळी जर्सी घातलेला बाप पोराला खांद्यावर घेऊन गुडघे आखडून उभा असतो. कागदावर दोन्हीकडे हाउसफुल्ल.

म्हणून लोकप्रियता मोजायची तर दारातल्या गर्दीपेक्षा टीव्हीचे पैसे बघावेत. एनबीएने २०२५-२६ पासून ११ वर्षांसाठी केलेला करार साधारण ७,६०० कोटी अमेरिकन डॉलरचा आहे. कॅनडात एनएचएलचे हक्क रॉजर्स कंपनीने २०१४ पासून १२ वर्षांसाठी ५२० कोटी कॅनेडियन डॉलरला घेतले होते. पुढच्या १२ वर्षांना १,१०० कोटी मोजलेत. एवढ्याशा लोकसंख्येच्या देशाच्या मानाने हा आकडा प्रचंड आहे. जगात बास्केटबॉल कितीतरी पुढे, पण या देशाचा जीव हॉकीत, असा त्याचा अर्थ. १९९४ च्या कायद्याने हॉकी हा इथला हिवाळी राष्ट्रीय खेळ आहे. २०१० च्या व्हँकूव्हर ऑलिंपिकमधली पुरुष हॉकीची फायनल सरासरी १ कोटी ६६ लाख लोकांनी टीव्हीवर पाहिली. रॅप्टर्सने २०१९ च्या एनबीए फायनलमध्ये गोल्डन स्टेट संघाला हरवलं त्या सामन्याला हाच आकडा ७७ लाख होता, आणि तो कॅनडात एनबीएचा विक्रम ठरला.

टोरांटोत मात्र प्रकरण वेगळं आहे. लीफ्स आणि रॅप्टर्स, दोघांचा मालक एकच, इमारतही एकच. काल रात्री जिथे बर्फावर पक (हॉकीची रबरी चकती) आपटत होता तिथेच आज लाकडी कोर्ट असतं. बर्फ वितळवत नाहीत. त्यावर उष्णतारोधक फळ्या अंथरतात आणि वर कोर्टचे तुकडे जोडतात. बरीच माणसं लावून काही तासांत काम उरकतं.

लीफ्सने एनएचएलच्या विजेतेपदाचा चषक, स्टॅनले कप, शेवटचा १९६७ साली जिंकला. तेव्हापासून दरवर्षी 'यंदा नक्की', आणि तरीही सीझन तिकिटासाठी वर्षानुवर्षं प्रतीक्षायादी. ही भक्ती पिढीजात आहे. आजोबांच्या नावावरची खुर्ची नातवाकडे येते, त्यामुळे नवीन माणसाला आत शिरायला जागाच नाही. लीफ्सचं जुनं घर, मेपल लीफ गार्डन्स, कार्लटन स्ट्रीटवर अजून उभं आहे. आता तिथे खाली लोबलॉजचं किराणा दुकान आहे, वर विद्यापीठाची रिंक. याच गार्डन्समध्ये १ नोव्हेंबर १९४६ ला आजच्या एनबीएचा पहिला सामना झाला, टोरांटो हस्कीज विरुद्ध न्यूयॉर्क निक्स, आणि टोरांटो ६८-६६ असं हरलं. बास्केटबॉल शोधून काढणारा जेम्स नायस्मिथही ओंटारियोच्या आल्मोंट गावचा. इथल्या हॉकीवाल्यांना हे सांगून बघा, निम्म्यांना माहीत नसतं.

रॅप्टर्स १९९५ मध्ये आले आणि त्यांनी गिऱ्हाईक नवीन शोधलं: आपल्यासारखं, बाहेरून आलेलं. २०१९ च्या मे महिन्यात रॅप्टर्सच्या कवाय लेनर्डचा चेंडू रिंगवर चार वेळा उडून आत पडला, तेव्हा अरीनाबाहेरच्या 'जुरासिक पार्क'मध्ये स्क्रीनसमोर उभ्या गर्दीत निम्मी दुनिया होती. पहिल्या सीझनपासून घरचे जवळजवळ सगळे सामने बघणारे नव भाटिया १९८४ मध्ये भारतातून आले. कोर्टलगत पगडीवाले सरदारजी दिसले की ते हेच. हॉकीवालेही अगदी सोवळ्यात नाहीत बरं का. २००८ पासून पंजाबीत हॉकीची कॉमेंट्री होते, आणि ती भन्नाट असते. मराठीत होईल तेव्हा होईल.

आता कामाचं. पहिलाच सामना असेल तर माझं मत सरळ आहे: रॅप्टर्सला जा, तेही मंगळवार-बुधवारी, समोर फारसा नावाजलेला संघ नसताना. तिकिटाचा भाव प्रतिस्पर्ध्यावर आणि वारावर ठरतो. लेब्रॉन जेम्ससारखा मोठा खेळाडू येणार म्हटलं की दुप्पट-तिप्पट होतो. रीसेलवरची तिकिटं सामन्याच्या तासभर आधी बऱ्याचदा उतरतात, धीर धरा. लीफ्स-मॉन्ट्रियल शनिवारी असेल तर टीव्हीवर बघा, तेवढ्या पैशात आईबाबांच्या तिकिटाला हातभार लागेल. युनियन स्टेशनबाहेरच्या ब्लॅकवाल्यांकडून काही घेऊ नका. तिकीट मोबाईलवर असतं, त्याचा बारकोड सारखा बदलतो, स्क्रीनशॉट घेऊन दारात उभे राहिलात तर परत पाठवतात.

हॉकी प्रत्यक्ष बघाच, पण सुरुवात मार्लीजपासून करा. लीफ्सचा हा धाकटा संघ कोका-कोला कोलिसियममध्ये खेळतो. तिकीट परवडतं, आणि काचेजवळ बसायला मिळालं तर खेळाडू रिंकच्या कडेच्या भिंतीवर (बोर्डवर) आदळतो तो धक्का पायाखाली जाणवतो. टीव्हीवर पक दिसत नाही अशी आपली सगळ्यांची तक्रार असते. तिथे पक दिसतो आणि ऐकूही येतो. तिथेच महिलांचा सेप्टर्स संघ खेळतो. मुली असतील घरात तर आधी तो. बास्केटबॉलमध्ये स्वस्तातला पर्याय म्हणजे मिसिसागाचा रॅप्टर्स ९०५.

आत गेल्यावर दोन गोष्टी सांभाळा. हॉकीत खेळ चालू असताना जिन्यातून ये-जा करू देत नाहीत, शिट्टी वाजेपर्यंत वरच थांबवतात, म्हणून पॉपकॉर्न मध्यंतरात आणा. आणि एकाच खेळाडूने तीन गोल केले की लोक डोक्यावरच्या टोप्या बर्फावर फेकतात. हॅटट्रिक आपल्याला क्रिकेटमुळे ठाऊक आहेच, पण नवी कोरी टोपी घालून जाऊ नका.

पोरांना कशात घालायचं हा प्रश्न पुढे येणारच. बास्केटबॉलला बूट आणि एक चेंडू पुरतो, शाळेचा जिम आणि कम्युनिटी सेंटर असतंच. हॉकीला स्केट्स, हेल्मेट, पॅड, काठी, शिवाय पहाटे साडेपाचला रिंकवर नेऊन सोडणारा बाप लागतो. वापरलेलं सामान घेतलंत तरी खिसा हलका होतो. तरी पोराला स्केटिंग तेवढं शिकवा. मिसिसागाच्या सेलिब्रेशन स्क्वेअरवर हिवाळ्यात फुकट रिंक असते. शाळेच्या सहलीत कठडा धरून उभं राहायची वेळ त्याच्यावर येऊ नये.

जायचं-यायचं गो ट्रेनने. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना तिकीट नाही. मिसिसागाकडे राहत असाल तर गाडी पोर्ट क्रेडिट किंवा क्लार्कसनला लावा आणि लेकशोर वेस्ट लाईनची ट्रेन धरा. मिल्टन लाईनवर रात्री ट्रेन नसते, बस मिळते, आणि सामना ओव्हरटाइममध्ये गेला की त्या बससाठी थंडीत ताटकळत उभं राहावं लागतं.