कार्ट्रिज बंद असतं, हात उघडे असतात

रुग्णाजवळच चालणाऱ्या जलद जनुकीय चाचण्यांच्या कामाला जे नव्याने लागलेत, त्यांच्यासाठी लिहितेय. पीसीआर म्हणजे डीएनएच्या प्रती फेरीफेरीने वाढवून जंतू शोधणं, सीटी म्हणजे कितव्या फेरीला तो दिसला तो आकडा; याहून जास्त सांगत बसत नाही. मशीन चालवायला अर्ध्या दिवसात येतं: स्वॅब द्रवात फिरवा, थेंब कार्ट्रिजमध्ये, म्हणजे मशीनच्या डबीत भरा, झाकण लावा, तासाभरात उत्तर. याच सोपेपणाने माझा घात केला.

माझ्याकडे डांग्या खोकल्याची तपासणी होती. एका आठवड्यात सहा पॉझिटिव्ह. स्क्रीनवर 'डिटेक्टेड' दिसलं की मी रिपोर्ट सोडत होते. त्यातलं एक तीन महिन्यांचं बाळ होतं. सहाव्यानंतर सीनिअर मॅडमनी मला कर्व्ह, म्हणजे डीएनए वाढीचे आलेख, उघडायला लावले. सगळ्यांचे सीटी 37-38 च्या घरात, म्हणजे डीएनए अगदी नाममात्र. त्यांनी एवढंच विचारलं, "स्वॅब घेतले कुठे?"

ज्या खोलीत सकाळी लसीकरण चालायचं, तिथेच. मॅडमनी एक ओला स्वॅब लशीच्या ट्रेवरून आणि टेबलाच्या कडेवरून फिरवला नि कार्ट्रिजमध्ये घातला. पॉझिटिव्ह!

हे नीट समजून घ्या, पुन्हा वाचावं लागलं तरी वाचा. डांग्या खोकल्याच्या लशीत जिवंत जंतू नसतो, पण काही लशींत पीसीआरला सापडेल इतका त्याचा डीएनए उरलेला असतो. सिरिंज भरताना बारीक थेंब उडतो, टेबलावर, ग्लोव्ह्जवर बसतो आणि सुकला तरी डीएनए टिकतो. त्यात बरेच किट आयएस481 हा जंतूच्या डीएनएचा तुकडा शोधतात. एका जंतूत त्याच्या पन्नासहून जास्त प्रती असतात, म्हणून नखभर अंशही पकडला जातो. स्वॅबच्या काडीला ग्लोव्ह लागलं आणि ती काडी द्रवात बुडवली, की काडीवरचं सगळं द्रवात उतरतं. मशीन खोटं बोललं नव्हतं. डीएनए होताच, फक्त तो रुग्णाच्या नाकामागचा नव्हता.

कार्ट्रिज बंद असल्यामुळे एका सॅम्पलचा वाढलेला डीएनए दुसऱ्यात शिरण्याची जुनी भीती बरीच कमी झाली, हे खरं. पण आतला कंट्रोल, म्हणजे कार्ट्रिजची स्वतःची तपासणी, फक्त रसायन चाललं की नाही ते सांगतो. डीएनए आला कुठून, हे त्याला कळत नाही.

2006 मध्ये अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या एका रुग्णालयात डांग्या खोकल्याची साथ आली असं पीसीआरवरून ठरलं. जवळपास हजार कर्मचाऱ्यांची तपासणी झाली, हजारोंना औषधं आणि लस दिली गेली. कल्चरमध्ये, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवून बघितल्यावर, एकाचाही जंतू उगवला नाही. तिथलं कारण आमच्यासारखंच होतं असं मी म्हणत नाही, पण एकाच जलद चाचणीवरचा आंधळा विश्वास तोच.

म्हणून लशीची खोली वेगळी. स्वॅब घेण्याच्या क्षणी कोरे ग्लोव्ह्ज, आधी घातलेले चालणार नाहीत. जमेल तिथे द्रवाऐवजी कोरडी नळी. टेबल ब्लीचने पुसा, आणि अधूनमधून टेबलाचाच स्वॅब लावून बघा. कंटाळा येईल, तरी करा.

बाकीचं थोडक्यात. साधा कापसाचा स्वॅब वापरू नका. खोकला चार आठवड्यांपेक्षा जुना असेल तर निगेटिव्हवर विसंबू नका. लक्षणंच नसलेल्यांना तपासू नका. क्षयाची तपासणी करत असाल तर आधी उपचार झालेल्या रुग्णाच्या 'ट्रेस' (अगदी अल्प डीएनए सापडल्याच्या) निकालाला दचकू नका, मेलेल्या जंतूंचा डीएनएही सापडतो.

कंपनीचा माणूस बटणं शिकवतो, त्याला गुरू मानू नका. ज्याने वर्षानुवर्षं कल्चर प्लेटा वाचल्यात अशा माणसाच्या शेजारी बसा. निकाल हा आजारी माणसाशी जुळवून बघायचा असतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. आणि पहिल्या वर्षी चुकलात तर काम सोडायचा विचार मनात आणू नका. मी आणला होता. चूक कुणाला तरी लगेच सांगितलीत तर ती निस्तरता येते.

बहुतेक वेळा, म्हणायला हवं. त्या बाळाचा स्वॅब आम्ही दुसऱ्या खोलीत पुन्हा घेतला. निगेटिव्ह आला. पण तोवर ॲझिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकचे तीन डोस पोटात गेले होते, त्यामुळे बाळाला डांग्या खोकला होता की नव्हता, हे तो निगेटिव्हही आम्हाला छातीठोकपणे सांगू शकला नाही.