हेडस्टॉक तुटलाय? गोंदाची बाटली अजून उघडू नका

बडोद्यातला मे म्हणजे काय ते इथे राहणाऱ्याला सांगायला नको. 42 अंश, पंखा पाचवर, पडदे ओढलेले. टेबलावर आतेभावाची लेस पॉल घाटाची इलेक्ट्रिक गिटार. स्टँडवरून पाठीवर पडली आणि हेडस्टॉक, म्हणजे दांडीच्या टोकाचा खुंट्यांचा भाग, नटच्या (तारा टेकतात त्या पट्टीच्या) मागे तिरका तुटला. त्याने पहिल्या पगारातून घेतलेली, म्हणून आत्या दारातच उभी. मी गोंद लावला, दोन्ही भाग जुळवले, पहिला क्लॅम्प आवळायला घेतला आणि डोळ्यांदेखत हेडस्टॉक सरकला. जेमतेम एक मिलिमीटर. ढिला केला, परत जुळवला, परत आवळला, परत सरकला. तोवर कडेच्या गोंदावर साय धरली होती.

त्या एका मिलिमीटरने माझा पुढचा आठवडा खाल्ला. हे काम नव्याने शिकणाऱ्यांनी बाकी काही विसरलं तरी चालेल, एवढं वाचून जा.

आधी हेडस्टॉक का तुटतो, ते थोडक्यात. गिब्सन कंपनीच्या लेस पॉलमध्ये हेडस्टॉक 17 अंशांनी मागे झुकलेला असतो. नेक, म्हणजे दांडी, महोगनीच्या एकाच फळीतून कापतात, त्यामुळे त्या वळणावर लाकडाचे रेशे आखूड पडतात. त्यात ट्रस रॉडच्या, म्हणजे दांडीतल्या लोखंडी कांबेच्या, आवळायच्या नटसाठी नेमकं तिथेच कोरलेलं असतं. म्हणजे जिथे लाकूड सगळ्यात अशक्त, तिथेच सगळ्यात कमी. 1960 च्या दशकाच्या मध्यात कंपनीने कोन काही वर्षांसाठी 14 अंशांवर आणला, 1970 च्या दशकात नेकच्या पाठीला फुगवटा दिला, ते याच भागासाठी. फेंडर या दुसऱ्या कंपनीचा हेडस्टॉक सरळ असतो, मेपलचा असतो, आणि क्वचितच तुटतो. 10 नंबरच्या तारांचा सेट सुरात असताना मिळून 45 किलोच्या आसपास ओढ असते. तेव्हा गिटार पडली आणि मोडली तर स्वतःला खाऊ नका. ती तिथेच मोडणार होती.

आता तो सापळा. तुटलेला भाग तिरका असतो. तुम्ही क्लॅम्प लावता तो नेकला काटकोनात, वरून खाली. कोरडं असताना रेशे एकमेकांत रुततात, म्हणून सगळं घट्ट बसल्यासारखं वाटतं. मी तेवढंच बघितलं होतं, हाताने दाबून, अर्धं मिनिट. पण ओला गोंद वंगणासारखा असतो. वरून दाबलं की एक उतार दुसऱ्या उतारावरून घसरतो, आणि जितकं जास्त आवळाल तितका जास्त. त्यामुळे दाब नेकवर नाही, फुटीच्या पृष्ठभागावर काटकोनात पडला पाहिजे. त्यासाठी लाकडाचा ठोकळा त्याच उताराचा तासून घ्यावा लागतो. शिवाय हेडस्टॉकच्या टोकाला एक अडणी लागते, म्हणजे तो लांबीत हलणार नाही. मी आता सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी टोकापासून नेकपर्यंत ताणून बांधतो. ठोकळ्यांना सेलोटेप लावतो, नाहीतर ठोकळाच गिटारला चिकटतो.

आणि हे सगळं कोरडं करून बघायचं. एकदा नाही, चार-पाच वेळा, मोबाइलवर वेळ लावून. कोणता क्लॅम्प आधी, कोणत्या हाताने, ठोकळा कुठे ठेवलाय, ओलं फडकं कुठे. बाटलीतून काढल्यावर लाकडाच्या गोंदाला साधारण 5 मिनिटं मिळतात. आमच्या उन्हाळ्यात, पंख्याखाली, त्याच्या निम्मीच समजा. पंखा बंद करा. घामाघूम व्हाल, होऊ द्या. सकाळी सहाला काम करा. तीन मिनिटांत कोरडी जुळणी झाली नाही, तर बाटलीला हात लावू नका.

माझा चुकलेला जोड मी उघडला कसा? हेअर ड्रायरने गरम करून, कोमट व्हिनेगर दातांच्या जुन्या ब्रशने फिरवून, दोन संध्याकाळी. पांढरा किंवा पिवळा लाकडी गोंद सुकला की त्यावर नवा गोंद धरत नाही, म्हणून रेश्यांतला कण न् कण काढावा लागतो, तोही लाकूड न खरवडता. मग लाकूड वाळायला चार दिवस. पॉलिश पांढुरकं झालं ते वेगळं. तरी जोड परत बसला. एकदा चुकलं म्हणजे गिटार गेली असं नाही, हे मी स्वतः बघितलंय.

ज्यांनी मला वाचवलं ते दांडिया बाजारातले एक सुतारकाका. त्यांनी आयुष्यात इलेक्ट्रिक गिटार हातात घेतली नव्हती. फुटीवरून बोट फिरवून म्हणाले, "अरे, तू खाली दाबतोयस, फूट तर आडवी पळतेय." माझं स्पष्ट मत आहे, व्हिडिओ पन्नास बघा, पण गुरू असा शोधा जो लाकूड हातात देतो. 1886 पासून इथे गायनशाळा आहे, तंबोरे-हार्मोनियम दुरुस्त करणारे हात या गावाला नवे नाहीत. त्यांच्याकडे जाऊन बसा. चहा आणा, झाडू मारा, पण बसा.

शॉर्टकटबद्दल माझं मन कडू आहे. झटपट चिकटणारा सुपरग्लू पहिल्या दुरुस्तीत नको, जुळवाजुळव करायला तो वेळच देत नाही आणि नंतरच्या माणसाला रडवतो. मागून स्क्रू ठोकणं तर पाप आहे. काही जण जोड सरकू नये म्हणून गोंदात चिमूटभर मीठ टाकतात; ठोकळा नीट तासला तर त्याची गरज पडत नाही.

बाकी गोष्टी सोप्या आहेत. गिटार पडल्या पडल्या तारा सोडा. तुटलेली टोकं कुणाला दाखवायला सारखी जुळवून बघू नका, दर खेपेला रेशे झिजतात. ट्रस रॉडच्या नटला मेण चोपडा, नाहीतर गोंद आत शिरून तो कायमचा जाम होतो. गोंद दोन्ही बाजूंना, रेश्यांच्या मुळापर्यंत. कडेने बारीक थेंबांची माळ आली की आवळणं थांबवा. 24 तास क्लॅम्प, तारा चढवायला मी आठवडा थांबतो.

लांब, तिरकी, ताजी फूट असेल तर घाबरू नका. अशा जोडात गोंदाची पकड बाजूच्या लाकडापेक्षा जास्त असते. आखूड, जवळजवळ आडवी फूट, तुकडे हरवलेले, किंवा आधी कुणी जोडून परत सुटलेली असेल, तर सरळ नाही म्हणा. तिथे मागून नवं लाकूड बसवावं लागतं, ते पहिल्या वर्षाचं काम नाही. नाही म्हणताना मान खाली घालू नका.

सरावाला तुटलेले क्रिकेटचे स्टंप घ्या. मैदानावर फुकट मिळतात आणि बरेचदा तिरकेच तुटतात. दहा जोडा, मग गिटार.

नवरात्रात आतेभावाने तीच गिटार गरब्याच्या बँडमध्ये नऊ रात्री वाजवली. दसऱ्याच्या सकाळी तारा सोडून मी जोडावरून नख फिरवलं. काळसर रेघ दिसते, नख अडकत नाही.